अप्पांना रिमोट हवा आहे

बेंगळूर, १४ ऑगस्ट १९९७

अण्णा,

हे पत्र टीव्हीबद्दल आहे. पाकिटावर माझं अक्षर बघून तू दचकला असशील, म्हणून पहिल्याच ओळीत लिहिते.

तू मस्कतहून आणलेला टीव्ही अजून छान चालतो. व्हीसीआर पण चालतो, फक्त कॅसेट बाहेर टाकताना स्वल्प कुरकुरतो. बिघडलाय तो टीव्हीचा रिमोट. गेल्या महिन्यात अप्पांच्या हातात असताना पडला आणि पार चेपला. दुरुस्तीवाल्यानं उघडून बघितला, आतली हिरवी पट्टी दोन तुकडे होऊन हातात आली. त्यानं ती परत आत घातली, झाकण लावलं आणि मला नमस्कार केला.

मग तुझ्या दाजींनी एस. पी. रोडवरून एक साधा रिमोट आणला. त्यानं चॅनेल बदलतं. पण आवाज वाढवायला गेलं की पडद्यावर अरबी अक्षरं येतात आणि ती जात नाहीत. परवा अख्खा सिनेमा आम्ही अरबी अक्षरांच्या आडून बघितला. नायिकेचं तोंड शेवटपर्यंत दिसलं नाही.

आता इंदिरानगरात एका मोठ्या दुकानात परदेशी युनिव्हर्सल रिमोट आलाय. टीव्ही, व्हीसीआर, टेप, सगळ्यांना एकच. दाजी दोनदा जाऊन बघून आले. किंमत लिहीत नाही, तू हसशील. शेजारचे शेषगिरीमामा म्हणाले, "सुम्मने, उगाच कशाला? त्यात थोडे घातले तर छोटा टीव्हीच येईल." दुकानातला माणूस म्हणतो की हा रिमोट शिकतो. जुना रिमोट त्याच्यासमोर धरायचा, दोघांची तोंडं एकमेकांकडे, आणि एकेक बटण दाबायचं. मग जुन्याचं सगळं नव्याला येतं.

मी विचारलं, "जुना मेलेला असेल तर?"

तो मालकाकडे बघायला लागला. मालक म्हणाला, "पुस्तक येतं बरोबर. त्यात प्रत्येक टीव्हीचा नंबर असतो." तुमच्या टीव्हीचा असेल का, ते मात्र तो सांगेना. खोकं फोडलं की परत घेणार नाही, एवढं मात्र लगेच सांगितलं.

तिथं मस्कतला तुझं रुवीतलं शोरूम ह्याच वस्तूंचं. म्हणून तुला विचारते. एवढा महागाचा रिमोट घेण्यासारखा असतो का? की नुसता दिखावा? आम्हाला काही सुचत नाही. अप्पांना मात्र हवा आहे. दिवसभर रिमोट मागतात.

अप्पा बरे आहेत. हल्ली बोलायचा कंटाळा करतात, एवढंच.

श्यामला

बेंगळूर, ८ सप्टेंबर १९९७

अण्णा,

तुझं पत्र आलं. एक पान, त्यावर आकडे घालून मुद्दे, खाली तुझी सही. शिकणारा रिमोट जिवंत रिमोटशिवाय शिकू शकत नाही. आखाती देशांतल्या टीव्हीचे नंबर इकडच्या पुस्तकात बहुधा नसतात. असले तरी दुसऱ्याच नावाखाली असतात. बटणं जितकी जास्त, तितकी म्हाताऱ्या माणसांची अडचण. सबब घेऊ नये. सगळं समजलं. दाजींनी पत्र दोनदा वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. अजून त्यांची आशा सुटलेली नाही.

वर "प्रिय" नाही, खाली "अप्पा कसे आहेत" नाही. रुसले नाही मी. मी टीव्हीबद्दल विचारलं, तू टीव्हीबद्दल सांगितलंस. पाच वर्षांनी तुझं अक्षर बघायला मिळालं, तेही खूप झालं.

पण आता खरं लिहिते.

रिमोट नुसता पडला नव्हता. अप्पा त्याच्यावर पडले. जुलैतली गोष्ट. संध्याकाळच्या बातम्या लागल्या होत्या, ते आवाज वाढवायला रिमोट घेऊन उठले, कारण बसून दाबलं की लागत नाही असा त्यांचा समज, तुला माहीत आहे. उठले आणि तसेच उजव्या अंगावर गेले. मी मशीनवर होते, गिऱ्हाइकाचं ब्लाउज अर्धं शिवून झालं होतं. आवाज ऐकून आले तर अप्पा खाली, आणि टीव्हीवाला बोलतोच आहे.

लकवा. उजवा हात गेला तो अजून आलेला नाही. पाय येतोय, कठडा धरून परसापर्यंत जातात. बोलणं गेलं. दवाखान्यात बरेच दिवस नुसते बघत होते. मग एका सकाळी मी तोंड पुसत असताना स्पष्ट म्हणाले, "रिमोट."

आम्हाला काय आनंद झाला म्हणून सांगू! दाजी वॉर्डभर सांगत सुटले. सगळ्या जगातून पहिली आठवण काय आली तर रिमोटची, म्हणून आम्ही हसलो. पलीकडच्या खाटेवरची माणसं पण हसली. अप्पा हसले नाहीत.

तेव्हापासून रिमोटच मागतात. सकाळी उठले की रिमोट. जेवताना रिमोट. रात्री दिवा घालवायला गेले तरी रिमोट. एस. पी. रोडचा हातात दिला की फेकून देतात. आता त्याला रबरबँड लावलाय. त्यांना पहिल्यापासून वस्तू अस्सल लागते, हे तू पण जाणतोस. म्हणून वाटलं, भारीतला आणला तर शांत होतील. म्हणून ते पत्र.

आधी का लिहिलं नाही? लिहायला बसायची आणि पेन थांबायचं. लकवा झाला असं लिहिलं की तू ये असं लिहिल्यासारखं होतं. आणि अप्पांनी तुला काही कळवायचं नाही असं मला इतक्या वेळा बजावलं होतं, की ते बोलू शकत नाहीत तरी मला ऐकू येत होतं.

ये असं लिहीत नाही. येऊ नको असंही लिहीत नाही. माझं मलाच कळत नाही. रिमोटचं काय करू तेवढं सांग.

श्यामला

बेंगळूर, ५ ऑक्टोबर १९९७

अण्णा,

तुझं उत्तर आलेलं नाही. पोस्टाला वेळ लागत असेल. पण हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

दाजींच्या कंपनीतला एक माणूस त्या इंदिरानगरच्या मालकाच्या ओळखीचा निघाला. त्याच्या शब्दावर मालकानं काचेतला नमुन्याचा रिमोट शनिवार ते सोमवार वापरून बघायला दिला. दाजी इलेक्ट्रॉनिक सिटीहून कंपनीच्या बसमधून तो मांडीवर घेऊन आले. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, पुस्तक उघडून चटईवर बसले. नंबर दाबायचा, टीव्हीकडे बघायचं. नंबर दाबायचा, टीव्हीकडे बघायचं. शेषगिरीमामा खुर्ची घेऊन आले होते. दुपारी कधीतरी कुठल्या तरी जपानी नावाखालचा नंबर लागला आणि अरबी अक्षरं सटकन गेली. आवाज वर गेला, खाली आला. मामांनी टाळ्या वाजवल्या.

दाजींनी रिमोट अप्पांच्या डाव्या हातात दिला. कुणाचं तरी तान्हं बाळ अचानक हातात द्यावं, तसं अप्पांनी त्याच्याकडे बघितलं. उलटा केला, सुलटा केला, चादरीवर ठेवून दिला. आणि म्हणाले, "रिमोट."

"अप्पा, हाच रिमोट!"

"रिमोट!"

"याच्याहून भारी बेंगळुरात मिळत नाही, मामंजी," दाजी म्हणाले. त्यांचा आवाजच उतरला होता.

अप्पांच्या डोळ्यांतून पाणी आलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मामा खुर्ची उचलून गेले. मला वाटलं, आता जगात असा कुठला रिमोट आणायचा?

सोमवारी देवनहळ्ळीहून दाजींचे भाऊ आले, येताना शेतातले चकोते, चांगली मोठी पपनसं, घेऊन आले. मी अप्पांच्या खाटेजवळ बसून एक सोलत होते. अप्पांनी डावा हात पुढे केला. "रिमोट." मी हात पुसून रिमोट आणायला उठले. त्यांनी खाटेवर हात आपटला. "रिमोट, रिमोट!" आणि हनुवटीनं दाखवलं. रिमोटकडे नाही. चकोत्याकडे.

मी एक फोड सोलून तोंडात घातली. खाल्ली. मग अगदी हळू, गोड आहे म्हणावं तशा आवाजात म्हणाले, "रिमोट."

मी पाण्याचा तांब्या धरला. "अप्पा, हे काय?" "रिमोट." माझा चष्मा धरला. "रिमोट." म्हणताना स्वतःच मान हलवत होते, नाही नाही म्हणून. मग मी विचारलं, "मी कोण, अप्पा?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. ओठ जुळवले, सोडले, पुन्हा जुळवले. "रिमोट," म्हणाले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यांना दवाखान्यात नेलं. तिथं बोलणं शिकवणाऱ्या कमला मॅडम म्हणून आहेत. त्यांनी किल्ली दाखवली, कंगवा दाखवला, रुपया दाखवला. अप्पांनी सगळ्यांना एकच नाव दिलं. पण "कंगवा कुठला?" विचारल्यावर कंगव्यावरच बोट ठेवलं. मॅडम मला बाहेर घेऊन आल्या.

"आत सगळं जाग्यावर आहे," त्या म्हणाल्या. "बाहेर येणारी वाट बंद झालीय. हा एकच शब्द सुटा राहिलाय. पाणी म्हणायला जातात, तोंडातून हा येतो. चुकीचा आला हे त्यांना कळतं. म्हणून चिडतात."

"पण हाच का?"

"पडताना हातात होता म्हणून असेल. नसेलही. कुणाकुणाला नुसतं 'नको' राहतं. मग घरचे समजतात, माणूस जेवायला नको म्हणतोय."

अण्णा, म्हणजे इतके दिवस ते पाणी मागत होते आणि मी रिमोट देत होते. उशी मागत होते, मी रिमोट देत होते. रात्री दिवा घालवताना काय मागत असतील? आईचा फोटो दुसऱ्या खोलीत आहे, तो मागत असतील का? का कूस बदलून दे म्हणत असतील? मी एकेक दिवस आठवून बघते आणि माझा सगळा गुंता होतो. कधीतरी खरोखरचा रिमोट पण मागितला असेल, तो कुठला?

नमुन्याचा रिमोट परत दिला. दाजी म्हणाले, "अजून स्वल्प दिवस मागून घेऊ या का? मला स्वतःला बरा वाटला." मी पुस्तक त्यांच्या पिशवीत घातलं. तेच समजले.

श्यामला

बेंगळूर, ३ नोव्हेंबर १९९७

अण्णा,

दिवाळीच्या सकाळी तुझा फोन आला तेव्हा मी अप्पांना तेल लावत होते. हात पुसायला पण थांबले नाही, फोनवर अजून डाग आहेत. तू म्हणालास, "अप्पांना दे." मी नीट विचार केला नाही. पाच वर्षांनी तू अप्पांना दे म्हणालास, मी दिला. माझं शेवटचं पत्र तुला मिळालंय का, एवढं तरी विचारायचं. आता वाटतं, ते पोचलेलंच नव्हतं. नसणारच, नाहीतर तू तसं केलं नसतंस.

अप्पांनी फोन कानाला लावला. तू काय बोललास मला माहीत नाही. अप्पांचं तोंड मी बघत होते. डोळे मोठे झाले, पायाची बोटं सुद्धा ताणली गेली. आणि म्हणाले, "रिमोट." मग जोरात, "रिमोट! रिमोट!" मग रडत रडत, "रिमोट, रिमोट, रिमोट."

मग थांबले आणि फोन माझ्याकडे दिला. त्यात काही नव्हतं. तू ठेवला होतास.

मी दिवसभर कोड्यात होते, असं का केलंस. तुझे दाजी म्हणाले, लाइन कटली असेल. संध्याकाळी पणत्या लावताना मला एकदम आठवलं. आई आजारी होती तेव्हाचा तुझा तो फोन. तू तिकडून सांगत होतास, हा डॉक्टर बदला, तिकडे दाखवा, हे औषध बंद करा, आणि अप्पा माझ्या हातातून फोन घेऊन ओरडले होते, "तिथं बसून रिमोट दाबतोस काय रे? हे घर आहे, टीव्ही नव्हे!" त्यानंतर आई गेली. तू आलास, बाराव्याला मान खाली घालून बसलास, परत गेलास, आणि संपलं.

तुला वाटलं असणार, म्हातारा लकव्यानं पडलाय तरी तेच टोचतोय.

अण्णा, तसं नाही. तुला पुन्हा सगळं लिहिते, आधीचं पत्र मिळालं असलं तरी वाच. अप्पांकडे आता तेवढा एकच शब्द आहे. पाण्याला तोच, चकोत्याला तोच, मला तोच. तुला काय म्हणायचं होतं मला ठाऊक नाही. तुझं नाव, "येसाजी", म्हणायचं असेल. "कसा आहेस" असेल. "इतके दिवस कुठं होतास" असेल. खरं सांगू का, कदाचित टोचायचं पण असेल. त्यांचा स्वभाव काही लकव्यानं गेलेला नाही, काल खिचडीचं ताट उलटं केलं. मी कुठल्या तोंडानं सांगू, त्यांना हेच म्हणायचं होतं म्हणून? मला ओळखता येत नाही. कमला मॅडमना पण येत नाही. त्या म्हणतात, तोंडाकडे बघा, शब्दाकडे नको. पण फोनमध्ये तोंड दिसत नाही ना.

मी तोंड बघितलं होतं. ते रागाचं नव्हतं. एवढं मी सांगू शकते, याच्या पुढचं नाही.

त्या रात्री जेवले नाहीत. टेलिफोनच्या टेबलाकडे तोंड करून बसले होते.

श्यामला

बेंगळूर, १९ डिसेंबर १९९७

अण्णा,

तार मिळाली. सरी, ठीक. जानेवारीत येतोयस.

अप्पांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. ऐकलं म्हणून हलवली, की हो म्हणून, की डास होता, ते नाही कळलं.

दाजी सुट्टी काढून विमानतळावर येतील. वहिनी आणि पोरं परीक्षेमुळे येणार नाहीत, समजलं. पुढच्या वेळी.

तारेत "रिमोट आणतोय" असं लिहिलंस. पैसे देऊन तेवढे शब्द घातलेस. आता त्याची काही गरज नाही असं मी दोन पत्रांतून कळवलंय. तरी आणणार असशील तर आण. दाजी फार खूश झालेत.

श्यामला

बेंगळूर, २५ जानेवारी १९९८

अण्णा,

तू सुखरूप पोचल्याचं पत्र काल आलं. पत्रातली पहिली तीन पानं वाचताना मी आईसारखी मध्ये मध्ये "हं, हं" करत होते. एवढं तू कधी लिहिलं नव्हतंस. चौथ्या पानावर जे विचारलंस त्याचं उत्तर शेवटी देते, आधी बाकीचं लिहिते.

अप्पांचा पाय आणखी सुधारलाय. परसातून आता पायरी उतरून तुळशीपर्यंत जातात. तू लावून दिलेली दोरी धरतात.

तुझा रिमोट. तू गेल्यावर शेषगिरीमामा आले आणि त्यांनी मला विचारलं, "अक्का, मला एक समजत नाही. येसाजीनं मस्कतच्या कुठल्या गिऱ्हाइकाकडून ह्याच टीव्हीचा जुना रिमोट शोधून आणला. चालणारा. बरोबर?" मी म्हटलं, बरोबर. "मग त्याच्याकडून ह्या नव्याला सगळं शिकवलं. तीन संध्याकाळी बसून. बरोबर?" बरोबर. "मग जुना चालत होता तर नवा कशाला?"

दाजी म्हणाले, "तुम्हाला त्यातलं समजायचं नाही, मामा." नवा आता दाजींकडेच असतो. उशीखाली घेऊन झोपतात. व्हीसीआर, टीव्ही, टेप, तिन्ही एकाच जागेवरून चालू करून दाखवतात, आल्यागेल्याला. त्यांच्यापुरता तो घेण्यासारखा होता. अप्पांना तो जमत नाही. कमला मॅडमनी सांगितलं की त्यांना उजव्या बाजूचं नीट दिसतच नाही. म्हणजे त्या रिमोटची निम्मी बटणं त्यांच्या दृष्टीनं नाहीतच. आणि खरं म्हणजे त्यांना टीव्हीत फारसं लक्ष पण राहिलेलं नाही. आम्हीच आपले लावतो.

पण एक लिहिते. त्या तीन संध्याकाळी तू फरशीवर बसून दोन्ही रिमोट नाकाला नाक लावून धरले होतेस आणि एकेक बटण दाबत होतास, तेव्हा अप्पा टीव्हीकडे बघत नव्हते. तुझ्या टाळूकडे बघत होते. तुझे केस तिथं विरळ झालेत. तुझी मान खाली होती, तुला दिसलं नाही. तू शेवटचं बटण शिकवून झाल्यावर "झालं!" म्हणालास, तेव्हा त्यांनी तोंड टीव्हीकडे फिरवलं.

विमानतळावर काचेच्या दारापाशी तू मला विचारलंस, "श्यामे, त्यांनी मला ओळखलं का?" मागून लोक ढकलत होते, तुझी बॅग निसटत होती, आणि मी काय बोलले ते मलाच आठवत नाही. तू आलास तेव्हापासून त्यांनी तुला रिमोट म्हटलं, दाजींना रिमोट म्हटलं, गॅसवाल्याला पण रिमोट म्हटलं. तू त्यांचा हात धरून बसायचास तेव्हा धरू द्यायचे. पण डॉक्टरांना पण धरू देतात. हो म्हटलं असतं तर मनाचं झालं असतं, नाही म्हणायला जीभ उचलली नसती.

आता तुझं चौथं पान. तू लिहिलंस, "निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मी अप्पांची दाढी करत होतो तेव्हाचं तू ऐकलंस का? का माझ्याच मनानं घेतलं?"

ऐकलं, अण्णा. मी स्वयंपाकघरात होते, चित्रान्नाची, लिंबूभाताची, फोडणी तडतडत होती, तरी ऐकलं. तुझ्या हातून अप्पांना कापलं तो आवाज नाही आला, पण त्याच्या पुढचं अख्ख्या गल्लीनं ऐकलं असेल.

"कत्ते! डोळे फुटले का रे, येसा!"

लहानपणी तुला ऐकवायचे तेच शब्द, त्याच चालीत. गाढव म्हणायला अप्पांना नेहमी कन्नडच लागायचं, मराठीतलं त्यांना पुरत नसे. मी उलथनं हातात घेऊनच धावले. अप्पांच्या अर्ध्या गालाला साबण, हनुवटीवर लाल थेंब, आणि तुझा रेझरचा हात तसाच वर. तू लहानपणी कौलं फोडल्यावर उभा राहायचास तसा उभा होतास. आणि अप्पा इकडेतिकडे बघत होते, कोण बोललं म्हणून. त्यांना स्वतःलाच पटत नव्हतं. मग तू हसायला लागलास, आणि हसता हसता मटकन खाली बसलास, आणि तुझे खांदे हलत होते. ते हसणं नव्हे हे कळलं तेव्हा मी उलथनं खाली ठेवलं.

तू विचारलंस, "अप्पा, काय म्हणालात? परत म्हणा ना."

त्यांनी ओठ जुळवले. किती वेळ जुळवले. "रिमोट," म्हणाले.

फोडणी जळली. तू तसंच चित्रान्न खाल्लंस आणि चांगलं झालंय म्हणालास.

मी कमला मॅडमना जाऊन विचारलं. मला वाटलं, त्या उठून उभ्या राहतील. त्या बसूनच राहिल्या. म्हणाल्या, "असं होतं. शिव्या, आरत्या, पाढे, हे डोक्यात वेगळ्या जागी असतं. रागाच्या भरात आपोआप निसटतं. बोलणं परत आलं असं समजू नका, उगाच आशा लावून घ्याल."

"पण मॅडम, नाव घेतलं त्यांनी. येसा म्हटलं."

"शिवीला चिकटून नाव पण येतं."

मी सरी म्हणून घरी आले. बसमध्ये विचार करत होते. शिवीला चिकटून यायला नाव आधी तिथं असावं लागतं ना? दुसरं कुठलं नाव का नाही चिकटलं? दाजींना विचारलं, त्यांना पण सांगता येईना. शास्त्र मॅडमना माहीत, मला नाही. ओळखून म्हणाले की आपोआप निघालं, हे मी तुला खात्रीनं सांगू शकत नाही. मी ऐकलं, एवढं खात्रीनं सांगते. तुझ्या मनानं घेतलेलं नाही.

त्यानंतर काही नाही. आरती आम्ही म्हणतो, मॅडमनी सांगितलंय म्हणून. अप्पा तीत एक-दोन कडव्यांपर्यंत येतात, अगदी स्वच्छ शब्दांत, आणि आरती संपली की पुन्हा रिमोट.

आणि आता तुला हसू येईल असं एक. गेल्या रविवारी अप्पांची दाढी दाजींनी केली. मी जवळच उभी होते. करता करता दाजींनी हनुवटीपाशी रेझर जरा आडवा लावला. मुद्दाम. मला आधी सांगितलं नव्हतं, नाहीतर मी हात धरला असता. अगदी नखाएवढं लागलं. मी श्वास धरला, दाजींनी पण धरला. अप्पांनी डाव्या हातानं हनुवटी पुसली, बोटावरचं रक्त बघितलं, दाजींकडे बघितलं. आणि पाहुण्याच्या हातून कप फुटल्यावर आपण म्हणतो ना, असू दे, असू दे, तशा आवाजात म्हणाले, "रिमोट."

दाजी हिरमुसले. रेझर धुताना मला म्हणाले, "मला नाही घालणार ते शिवी. मी जावई ना."

तेव्हा एप्रिलमध्ये रजा मिळते का बघ. वहिनींना आणि पोरांना घेऊन ये. येताना काही आणू नको. रेझर इथं आहे.

श्यामला